सुरीची मूठ पक्की बसवायची तर: पिन कुठली, इपॉक्सी कुठलं

मावशीला दिलेली सुरी वर्षभराने परत आली ती तीन तुकड्यांत. पातं वेगळं, शिसवीच्या दोन पट्ट्या वेगळ्या. लाल भोपळा कापताना मुठीने हात टेकले. "तू एक दिली होतीस, मी तीन परत करतेय," म्हणत मावशीने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी माझ्या हातात ठेवली.

घरी येऊन तुकडे उजेडात धरले. इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या डिंकाचा, सगळा थर लाकडाला घट्ट चिकटून होता आणि त्याची स्टीलकडची बाजू आरशासारखी गुळगुळीत. लाकडाने काहीच सोडलं नव्हतं, सोडलं होतं स्टीलने, कारण ते मी हौसेने पॉलिश करून ठेवलं होतं. मुठीच्या मागच्या टोकापासून आत दीड-दोन सेंटिमीटर गंजाचा तपकिरी पट्टा पसरलेला. तिथून पाणी शिरलं, गंज चढला, गंज फुगला आणि त्याने पट्टी आतून उचलली. दोन पितळी पिना, म्हणजे पट्ट्यांतून आणि पात्यातून आरपार जाणाऱ्या सळया, होत्या, पण त्याही घासून लख्ख केलेल्या, त्यामुळे सहज सुटल्या.

मूठ सुटली की पहिल्यांदा हेच बघावं: डिंक कुणाकडे राहिला? सगळा लाकडाकडे राहिला तर स्टीलची तयारी चुकली. सगळा स्टीलकडे राहिला तर लाकूड तेलकट किंवा ओलसर होतं. दोन्हीकडे अर्धा अर्धा आणि मधे फाटलेला दिसला तर जोड चांगला होता, भारच जास्त पडला. आणि कुठेच नीटसा थर दिसला नाही, नुसते डाग दिसले, तर शिकंजा, म्हणजे पट्ट्या दाबून धरणारा क्लॅम्प, इतका आवळला होता की डिंक सगळा बाहेर आला.

पुढचं सगळं पूर्ण शेपटीच्या सुरीबद्दल आहे. शेपूट म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. तो मुठीइतकाच रुंद आणि लांब असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या बसतात. घरी सुरी बनवणारे बहुतेक जण याच पद्धतीने सुरुवात करतात.

डिंकाचं काम आणि पिनेचं काम

दोघांची कामं वेगळी आहेत. इपॉक्सी पट्टी आणि स्टील यांच्यामधली फट बुजवतं, पाण्याला वाट देत नाही आणि सपाट ओढीला उत्तम टिकतं. त्याचं वैर आहे सोलण्याशी. एका कडेला ताण येऊन पट्टी सालीसारखी उचकटायला लागली की कितीही महागडं इपॉक्सी हळूहळू हार मानतं. सुरी खाली पडते तेव्हा, किंवा लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं तेव्हा नेमका असाच ताण येतो. तिथे पिन उभी राहते. ती पट्टीला सरकू देत नाही आणि कड उचलू देत नाही. पिन मात्र पाणी अडवत नाही. म्हणून नुसत्या पिनांवर बसवलेली मूठ मोरीत राहणाऱ्या सुरीला चालत नाही, आणि नुसत्या इपॉक्सीवरची मूठ कुणाला भेट देऊ नये.

पिनेचा धातू

आधी सुरीचं आयुष्य कुठे जाणार ते ठरवा. रोज धुतली जाणारी, लिंबू-टोमॅटो-कोकमाचं पाणी लागणारी स्वयंपाकघरातली सुरी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील. दिसायला थोडी रुक्ष, पण गंजण्याची चिंता नाही. याची सळई शोधत फिरायची गरज नाही. स्टेनलेसच्या टिग वेल्डिंगसाठी जे भरणीचे रॉड मिळतात ते १.६, २.४ आणि ३.२ मिलिमीटर जाडीत असतात. ३.२ चा एक मीटर लांब रॉड घेतला की दहा-बारा सुऱ्यांच्या पिना निघतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर राहत असाल आणि ३१६ मिळालं तर तेच घ्या, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं.

पितळ सगळ्यांना आवडतं, मलाही. शिसवीवर पितळी ठिपके सोन्यासारखे दिसतात. पण आंबट आणि ओल लागली की ते हिरवट पडतं. शिवाय पातं साध्या कार्बन स्टीलचं, म्हणजे ट्रकच्या कमान-पाट्यातून वगैरे काढलेलं असेल, तर ओलीत पितळेला लागून असलेलं स्टील आधी गंजतं. पिनेभोवती इपॉक्सीचं पूर्ण आवरण असेल तर हा त्रास होत नाही. म्हणजे पितळ वापरायला हरकत नाही, पण त्याला कोरडी पिन म्हणून ठोकू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीच्या बाजूला सळई वजनावर मिळते. गॅस वेल्डिंगचा पितळी रॉडही चालतो, फक्त त्यावर फ्लक्सचा लेप असेल तर तो पूर्ण खरवडून काढा.

तांब्यासाठी माझी लाडकी वस्तू म्हणजे अर्थिंगची उघडी तार. ८ गेजची तार साधारण ४.०६ मिलिमीटर भरते आणि १० गेजची ३.२५. इलेक्ट्रिकच्या दुकानात हातभर तुकडाही देतात. वेटोळ्यातून आलेली तार वाकडी असते. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडायचं, ताण देऊन हळू पाच-सहा फेरे द्यायचे. तार काठीसारखी सरळ होते आणि जरा कडकही होते. तांबं मऊ असल्यामुळे डोकं ठोकायला सगळ्यात सोपं.

अॅल्युमिनियम टाळा. घासताना त्याची काळी भुकटी लाकडाच्या रेषांत बसते ती निघता निघत नाही. लोखंडी खिळा तर मुळीच नको. गंजून फुगतो आणि लाकूड चिरतो.

जाडी, आणि भोकाचा हिशेब

भाजीच्या सुरीला ३.२ किंवा ४ मिलिमीटरच्या तीन पिना किंवा ५ च्या दोन पुरतात. मोठ्या, घाव घालायच्या हत्याराला ६ च्या तीन. पिन जितकी जाड तितकी मजबूत असं सरळ गणित नाही, कारण मोठं भोक लाकूडही तेवढंच कमी करतं. पिन पट्टीच्या टोकापासून किमान १०-१२ मिलिमीटर आत असावी. त्याहून जवळ गेलात तर रेषेवर लाकूड फाटतं, आणि बहुतेक वेळा ते काम पूर्ण होता होता फाटतं.

आता खरी गोम. दुकानात "४ ची पिन, ४ चं ड्रिल" असं म्हणून घेऊन आलात तर ८ गेजची तार त्या भोकात जाणार नाही. ठोकून घातली तर इपॉक्सी पुसून निघेल आणि लाकूड चिरेल. त्यासाठी ४.२ चं ड्रिल घ्या. ते कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे असतं, कारण एम-५, म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोल्टच्या, आट्या पाडण्याआधी तेच भोक लागतं. तसंच १० गेजच्या तारेला ३.३ चं, ते एम-४ च्या आट्यांचं. पिन बोटाच्या जोराने, किंचित घासत आत जायला हवी. शेपटीतलं भोक मात्र पिनेपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं ठेवा. पात्याला पाणी देताना, म्हणजे तापवून तेलात विझवताना, शेपूट थोडी हलते. मोठ्या भोकात तेवढी चूक जिरते आणि तिथे इपॉक्सीचं कडंही भरतं.

शेपटीतली भोकं पाणी देण्याआधीच पाडा. विसरलात, किंवा तयार कडक पातं विकत आणलं असेल, तर साधं ड्रिल त्यावर नुसतं किंचाळतं. काच-टाइल्सचं भाल्याच्या टोकाचं कार्बाइड ड्रिल हळू वेगाने, तेल घालत चालवलं तर भोक पडतं. दुसरा मार्ग: पातं ओल्या फडक्यात गुंडाळून शेपटीच्या टोकाला गॅसच्या टॉर्चने निळसर-करडा रंग येईपर्यंत तापवायचं आणि आपोआप थंड होऊ द्यायचं. धार असलेला भाग तापता कामा नये.

पिना-भोकांबरोबर शेपटीत आणखी चार-सहा भोकं मोकळी पाडून ठेवा. त्यांत इपॉक्सी भरून दोन्ही पट्ट्यांना आरपार सांधणारे खुंट तयार होतात. वजन कमी होतं ते वेगळं.

सरळ, ठोकलेली, की स्क्रूची

सरळ पिन म्हणजे नुसती सळई, इपॉक्सीत बसलेली. घरच्या सुरीला ती पुरते, पण तिला १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करायचं आणि मधल्या भागावर कानशीने तीन-चार खाचा मारायच्या. माझ्या पहिल्या सुरीत हेच राहिलं होतं. टोकं किंचित निमुळती करा, म्हणजे पिन आत जाताना लाकडाची कड तोडत नाही.

ठोकलेली पिन म्हणजे जिची दोन्ही टोकं हातोडीने पसरवून डोकी केलेली असतात. यात इपॉक्सी उद्या गेलं तरी पट्टी सुटत नाही. कोयता, विळा, शेतात राहणारी सुरी यांना हीच. लाकडातल्या भोकाचं तोंड थोडं पसरट करायचं, पिन दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर बाहेर ठेवायची आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायचे, चार ठोके या बाजूला, चार त्या बाजूला. एका दणक्यात काम उरकायला गेलात तर पिन आतल्या आत फुगून पट्टी उभी चिरते. पितळ ठोकताना कडक होत जातं. आधी मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केलेली पितळी सळई जास्त ऐकते. शिंग आणि हाड यांवर डोकी ठोकू नका, ती तडकतात.

परदेशी सामानात कॉर्बी बोल्ट येतात: दोन अर्धे भाग आतून आट्यांनी एकमेकांत फिरतात, आणि खांद्यामुळे पट्टी दाबून धरतात. ऑनलाइन मिळतात, भक्कम असतात, पण पायरीचं भोक पाडायला खास ड्रिल लागतं. रंगीत नक्षीच्या मोझॅक पिनाही मिळतात. त्या शोभेच्या. मधे एक घाला, भार बाजूच्या दोघींवर द्या.

डिंक कुठला

हळू वाळणारं दोन भागांचं इपॉक्सी. अरल्डाइट स्टँडर्ड हे आपल्याकडे सहज मिळणारं आणि या कामाला पुरेसं. पाच मिनिटांचं इपॉक्सी मोह पाडतं, पण तीन पिना, दोन पट्ट्या आणि शिकंजे यांची धावपळ पाच मिनिटांत होत नाही. अर्धवट घट्ट झालेल्या डिंकात पट्टी सरकवली की जोड तिथेच बिघडतो. पाण्यातही ते हळू वाळणाऱ्यापेक्षा कमी टिकतं.

फेविक्विक फट भरत नाही आणि धक्क्याला तडकतं. ते ठेवा चिरांत लाकडाचा भुसा भरून बुजवायला. पांढरा फेविकॉल पाण्यातला असतो, स्टीलला धरत नाही, उलट त्याला गंज आणतो. एम-सील हे इपॉक्सीच, पण कणकेसारखं. ते स्टीलच्या ओरखड्यांत शिरत नाही. बारीक शेपूट आत खुपसायच्या मुठीत पोकळी भरायला ठीक, सपाट जोडाला नाही. चपला जोडायचा रबरी डिंक तर सतत थोडा थोडा सरकत राहतो.

जुन्या लोकांकडे इपॉक्सी नव्हतं तरी मुठी बसत होत्या. तलवारीची शेपूट मुठीत लाखेने बसवायची पद्धत आपल्याकडे शतकानुशतकं होती. लाख वितळवून, विटेची भुकटी मिसळून मुठीत ओतायची आणि गरम शेपूट आत दाबायची. ती पुन्हा तापवली की मूठ सहज निघते, हा तिचा मोठा गुण. पण लाख साधारण ७५-८० अंशांना मऊ पडते, त्यामुळे उकळत्या पाण्याशी तिचं जमत नाही. हौस म्हणून एखाद्या कट्यारीला लाख जरूर वापरून बघा. इपॉक्सीलाही उष्णतेची मर्यादा आहेच: साधं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास ढिलं पडायला लागतं. म्हणून अशी सुरी डिशवॉशरमध्ये घालायची नाही, हे भेट देताना सांगून ठेवावं.

कोरडी जुळणी

लाकूड म्हणून शिसवी, बाभूळ, चिंच छान. साग चालतो पण तेलकट आहे. सांबरशिंगाच्या वाटेला जाऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते गुन्ह्यात बसतं.

एक पट्टी शेपटीला टेपने घट्ट बांधा, खाली टाकाऊ लाकूड ठेवा, आणि शेपटीच्या भोकातूनच पट्टीत भोक पाडा. शेपटीचं भोक मोठं आहे, म्हणून ड्रिल मधोमध धरा. पहिलं भोक पडलं की त्यात पिन घालूनच दुसरं पाडा, नाहीतर पट्टी केसभर फिरते आणि तिसरी पिन कधीच जात नाही. दुसरी पट्टीही याच पद्धतीने.

मग डिंकाशिवाय सगळं जोडून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर इपॉक्सी बुजवेल अशी आशा धरू नका. पेपर सपाट काचेवर ठेवून पट्टी त्यावर घासा. पट्टीच्या आतल्या बाजूचा मधला भाग अगदी थोडा, नखभर, खोलगट करा आणि कडेने ५-६ मिलिमीटरची सपाट चौकट ठेवा. कडा मिळून येतात आणि मधे डिंकाला जागा राहते.

आणि पट्टीचं पात्याकडचं टोक आताच पूर्ण करा: आकार, पॉलिश, सगळं. चिकटवल्यावर तिथे घासायला गेलात की पात्यावर ओरखडे उठलेच. मी हे एकदा विसरलो, तेव्हा ती सुरी घरातच ठेवावी लागली.

चिकटवण्याचा दिवस

पात्याला, धारेसकट, टेप गुंडाळा. चिकट हातांनी उघडी धार हाताळणं म्हणजे टाक्यांना आमंत्रण.

स्टील ६० ते ८० नंबरच्या पेपरने तिरकस, दोन दिशांनी घासा. चमक पूर्ण जायला हवी. मग स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर अॅसिटोन घेऊन पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पट्ट्या आणि पिनाही पुसा. सागाला, शिसवीला चिकटवण्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पुसून सुकू द्या, फार वेळ ठेवलंत तर आतलं तेल पुन्हा वर येतं. यानंतर बोट लावायचं नाही, बोटाचं तेलही पुरतं. पावसाळ्यात स्टीलवर न दिसणारा दमटपणा बसतो, म्हणून हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. अॅसिटोन वापरताना खिडकी उघडी, गॅस बंद. हातात मोजे हवेतच, इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते.

अरल्डाइट स्टँडर्डचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, आकारमानाने समसमान आणि वजनाने १०० ला ८० या प्रमाणात घेतात. काट्यावर समसमान मोजलंत तर हार्डनर जास्त होतो, आणि जास्त हार्डनरने जोड लवकर वाळत नाही, उलट मऊ राहतो. तीन मिनिटं, कडा खरवडत ढवळा. गडद लाकडाला चिमूटभर काजळी मिसळली की जोडाची पिवळी रेष लपते. उन्हाळ्यात हात जरा पटापट चालवा: तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ जवळजवळ निम्मा होतो.

स्टीलला आणि लाकडाला, दोन्हीकडे पातळ थर. भोकांत काडीने भरा. एक पट्टी ठेवा, पिना फिरवत फिरवत घाला, शेपूट, दुसरी पट्टी. शिकंजा कडेने सगळीकडून डिंकाचा बारीक मणी बाहेर येईपर्यंतच आवळा. दोन-तीन छोटे शिकंजे एका मोठ्यापेक्षा बरे. पिना ठोकायच्या असतील तर आत्ता, डिंक ओला असतानाच ठोका.

पात्याकडच्या टोकाला आलेला डिंक लगेच, अॅसिटोनच्या जेमतेम ओल्या कापसाच्या काडीने पुसा. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, तो परत झिरपतो. उरलेला डिंक पुठ्ठ्यावर तसाच ठेवा. सुरीला नख लावून बघायचा मोह होतो तेव्हा पुठ्ठ्यावरच्याला लावा. २४ तास झाल्याशिवाय शिकंजा काढू नका. मी थंडीत ४८ तास थांबतो.

घासताना पिन तापते

इतकं सगळं नीट करून मूठ बिघडते ती इथे. बेल्ट ग्राइंडरवर आकार देताना लाकूड कोमट लागतं, पण पिन चटका देण्याइतकी तापलेली असते. ती उष्णता थेट आत जाते आणि पिनेभोवतीचं इपॉक्सी जाळते. वरून काही दिसत नाही, सहा महिन्यांनी पिनेभोवती काळी रेष उमटते. पट्टा नवा, धारदार घ्या आणि दर काही सेकंदांनी पिनेवर अंगठा ठेवा. अंगठा टिकत नसेल तर थांबा. बाहेर आलेली पिनेची टोकं आधी हॅक्सॉने कापा, मशीनवर संपवू नका. शेवटचं घासणं हाताने, १२० पासून ४०० पर्यंत, आणि मग जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. तेलाचे फडके उघडे वाळवा, चुरगळून टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात.

पावसाळ्यात बनवलेल्या मुठीत एप्रिल-मेमध्ये हाताला स्टीलची बारीक कड लागायला लागते. घाबरायचं कारण नाही. लाकूड आक्रसलंय, जोड सुटलेला नाही. बारीक पेपरने कड मोडून तेलाचा एक हात द्या.

मूठ खरंच सोडवायची वेळ आली तर पिनेच्या मधोमध ठसा मारून ती ड्रिलने काढा, मग हीट गनने शेपूट तापवत पातळ पट्टीने जोड उचका. धारेकडचा भाग ओल्या फडक्यात असू द्या. मावशीच्या सुरीच्या पट्ट्या आयत्याच सुटून आल्या होत्या, त्या मी टाकल्या नाहीत. जुनं इपॉक्सी पटाशीने खरवडलं, शेपूट टॉर्चने नरम केली, ४ ची भोकं ५ ची केली आणि ३०४ ची जाड पिन घातली. तिसरी पिन नव्याने टाकली मागच्या टोकाला, जिथून पाणी शिरलं होतं तिथे.